वेदीमागचा दगड

१० जानेवारी १९४४, जळकोट
सोलापूरच्या मोटारीतून धूळ खात उतरलो, पण मन प्रसन्न आहे. गावाबाहेरच्या माळावर मिशनचं प्रार्थनामंदिर बांधून घ्यायचं काम पाद्रीसाहेबांनी माझ्यावर सोपवलं. नथानेल गोर्डेसारखा सुपरवायझर मिळणं हे जळकोटचं भाग्य. जळकोटला ते कळेल अशी आशा नाही. निजामाच्या कचेरीतून परवाना यायलाच वर्षं गेली. आता ईस्टरची उपासना इथं व्हायची आहे. राहायला माळावरच पत्र्याची खोली. हवा कोरडी, भाकरी बरी, माणसं मंद.

२२ जानेवारी
गवंडी बंडप्पा हाताचा चांगला, डोक्यानं रिकामा. पायाला नारळ फोडतो म्हणाला. मी सांगितलं, इथं प्रभूचं नाव पुरे. त्यानं मान डोलावली आणि माझी पाठ फिरताच फोडलाच. वर खोबरं मलाही देऊ केलं. ही मंडळी देवाला लाच देतात आणि ती स्वतःच खातात. रात्री त्यांच्यासाठी प्रार्थना केली. फार वेळ नाही.

४ फेब्रुवारी
चिरे कमी पडले. ओढ्याकाठी एक उभा घडीव दगड आहे. त्यावर कोपरात वाकवलेला बाईचा हात, उघडा पंजा, मनगटात बांगड्या कोरलेल्या. पूर्वी कुणी बाई नवऱ्याच्या चितेवर जळाली, तिची ही खूण. शेंदराचे थरच्या थर. वेदीमागच्या भिंतीत अगदी मापात बसतो. आमच्या मजुरांपैकी कुणी हात लावीना, म्हणून तामलवाडीहून माणसं आणून उपटून घेतला.

चुना कालवायला येणारी हरणाबाई, धनगराची म्हातारी, आडवी आली. जळालेली बाई म्हणे त्यांच्या घराण्यातली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "न्यायचा तर न्या साहेब. पर तिचं तोंड भिताडात कोंडू नगा. धुरानं कोंडूनच मेलीया ती." मला हसू आलं. कोरलेली बाजू आत करूनच दगड बसवून घेतला. ख्रिस्ती मंडळींनी वेदीसमोर बसून बांगड्या बघायच्या की काय!

२ मार्च
छप्पर चढलं. गिलावा झाला. बाकीच्या भिंती खडखडीत वाळल्या, वेदीमागची तेवढी ओली. बंडप्पाला झाडला. सगळ्या भिंतींचा चुना एकाच घाणीत मळलेला आहे, असं तो पुटपुटला. चूक कबूल करणारा गवंडी अजून जन्मायचा आहे.

१४ मार्च
वेदीमागच्या ओल्या गिलाव्यावर पंजा उमटला आहे. हरणाबाईला कामावरून काढलं. तिनं काही वाद घातला नाही. भिंतीजवळ जाऊन नुसतं बोट दाखवलं आणि म्हणाली, "म्या दाबला असता तर आत गेला असता, साहेब."

पंजा वर आलेला आहे. आतून बाहेर.

चुना फुगतो. कुणीही जाणकार हेच सांगेल. खरवडून नवा थर दिला.

२७ मार्च
पुन्हा आला. आता मनगटापर्यंत. मनगटावर गोल कंगोरे. दुपारी सगळे भाकरी खायला बाहेर गेले असताना आत काकणं वाजली. मी ऐकली, बाहेर बंडप्पानंही ऐकली. त्यानं तिथंच हत्यारं गोळा केली. दगड काढून परत ओढ्याकाठी नेऊ, म्हणाला. मी नको म्हटल्यावर म्हणाला, "मग तुमी तरी चला आमच्यासंगं." अडाण्यानं मला वाचवावं! सगळे गेले. जाऊ देत.

२ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
एकट्यानं उपासना केली. प्रभूची प्रार्थना म्हणताना मध्येच अडलो. लहानपणापासून पाठ आहे. पुढचा शब्दच आठवेना. धुराचा वास येत होता. माळावर कुठंही जाळ नव्हता.

५ एप्रिल
कोपरापर्यंत आला आहे. भिंत कोमट लागते — अंगासारखी.
पाद्रीसाहेब शनिवारी येतील. त्यांना काय दाखवू? सुपरवायझर गावंढळांच्या दगडाला भ्याला, असं सांगू?
खाल्लं नाही काही.

७ एप्रिल, उत्तम शुक्रवार, सकाळ
ठरवलं. पंजावर पंजा ठेवून तो हात आत दाबून टाकायचा, वर गिलावा ओढायचा. विषय संपला. प्रभू माझ्याबरोबर आहे.

दुपार
वही कोटाच्या खिशात होती. उजव्या हातानं लिहितो आहे.
दाबला. मऊ लागला. आत गेला — माझा डावा हातही गेला, कोपरापर्यंत. मग चुना आवळला. एकदम. दगडासारखा.
ओरडलो. माळावर कोण आहे ऐकायला —

हरणाबाई दारात आली. हाक मारली. हरणाबाई म्हटलं, आई म्हटलं. पहार आणा म्हटलं, दगड सोडवतो, शपथेवर सोडवतो —
आत नाही आली. डोक्यावर पदर घेतला, वाकून नमस्कार केला. मला नाही. माझ्या मागच्या भिंतीला.
गेली.

धूर. दिसतोय आता. चुन्याच्या फटीतून —

आत कुणीतरी माझी बोटं मिटवतंय. हलक्या हातानं, एकेक. कासार काकणं भरताना मिटवतो तशी —
मनगटावर काहीतरी चढतंय. गार, गोल.
प्रभो, मी तुझं मंदिर —
आणखी एक. घट्ट आहे. आता तिस