नळमावशीची उजवी बाही

४ जानेवारी
नाय म्हणजे नाय. बायकांचं शिवत नाय मी. का नाय, ते तोंडानं कोणी विचारलं नाय, पण सकाळपासून बायको आन् सून दोघी डोळ्यानं विचारायल्यात, म्हणून लिहून ठेवतो. पाचवीतून शाळा सोडली आन् उस्तादच्या दुकानात बसलो. सगळं मर्दाना काम. शेरवानी, पायजमा, नेहरू शर्ट. बाईमाणूस आलं की उस्ताद कोपऱ्यावरच्या दुकानाकडं बोट करायचा. जे शिकलो नाय ते करत नाय. झालं.

कारण काय, तर पिशोरच्या शाळेतून फोन. २६ ला झेंडा झाल्यावर पोरांचा कार्यक्रम, त्याला आमच्या हिला, सगुणाला, पाहुणी म्हणून बोलावलंय. पिशोर तिचं माहेर. तिथल्या पाचवीतल्या एका पोरीनं चित्र काढून पाठवलं मोबाईलवर. सगुणा हवेत उडायली. अंगात निळं, खाली पिवळं लुगडं कासोटा मारून, मागं घोंगडी फडफडती, उजव्या हातात कळशी, हात सरळ वर. खाली लिहिलंय, सुपर नळमावशी.

सगुणा म्हणती, "मला आसंच शिवून द्या."
म्हणलं, "डोकं फिरलं का?"
"नसीमकडून घेते मंग."
नसीम म्हणजे कोपऱ्यावरची लेडीज टेलर. घरात टेलर आसून बायको कोपऱ्यावर जाणार. पिशोरपर्यंत बातमी.

रात्री कपाटातून निळा टेरिकॉट काढून ठेवला. नुसता काढून ठेवला.

५ जानेवारी
भाजी आणायला गेलो. भाजीवाला माझ्याकडं न बघता, "नळमावशी कशाय?" आता माझं नाव हेच. नळमावशीचा नवरा. पुंडलिकनगरात चाळीस वर्षं मास्तर म्हणत होते. सगुणानं मोबाईलवर तोंड काय उघडलं, मास्तर गेला.

तिचं काय हाय, आठ दिवसांनी नळ येतो, आन् लोक गाड्या धुत बसतात. एकदा ही दारात उभी राहून हात वर करून वरडली, "ए, तोटी बंद कर!" सून वैशालीनं मोबाईलवर घेतलं. तवापासून सगळं शहर वरडायलंय. रिक्षावाले वरडतात. बँकेतला साहेब वरडला परवा, खुर्चीतून उठून.

चांगलं हाय. मी काय नाय म्हणत नाय.

मापाचा ब्लाऊज मागितला. तिनं ट्रंकेतून काढून दिला. बायकांचं माप ब्लाऊजवरूनच घ्यायचं, अंगाला टेप लावायची नाय, एवढं मला बी माहीत हाय.

७ जानेवारी
दोन दिवसात झगा तयार. कॉलर ताठ ठेवायला बुकरम, पुढं बटनं, बाही मनगटापर्यंत. काय नखरा नाय. वैशाली बघून हसायली.
"मामा, बटनं पुरुषाच्या बाजूनं लावलीत."
बटन बटन असतंय. पण उसवली. परत लावली.

८ जानेवारी
घालून बघ म्हणलं. डावा हात गेला. उजवा बाहीत अर्धा गेला आन् ही वरडली. मोबाईलवर वरडती तसं नाय. दुसरंच.

मंग माझ्यावरच. "बाही तंग केली. शेरवानीवाले तुमी, तुमाला काय कळतंय बायकांचं?"
ब्लाऊज आन् झगा शेजारी ठेवून टेप लावली. दोरा इकडचा तिकडं नाय. म्हणलं, "माप बरोबर हाय."
"मंग मी चुकीची हाय का?"
दार लावून घेतलं. दोघं बी न जेवता.

९ जानेवारी
ब्लाऊज घेऊन नसीमकडं गेलो. आधी बोलंना. मंग म्हणली, "चाचा, ये तो पुराना ब्लाऊज है. अब के सब मैं सीधे हाथ से ढीले करके देतूं. आगे से हूक, बाही चौड़ी. दशहरे के पहले से. चाचीच बोले, चाचा को नक्को बोलो."

दसऱ्याच्या आधीपासून.

उजवा खांदा आखडलाय सगुणाचा, नसीमनंच सांगितलं. हात खांद्याच्या वर जात नाय. घरी येऊन वैशालीला धरलं. तिला ठाऊक होतं. केस तीच विंचरती. पदर तीच खोचून देती. व्हिडिओ आता छातीपर्यंतच धरती, वरडताना हात दिसू नाय म्हणून. पोरगं वाळूजला शिफ्टवर असतं, त्याला बी ठाऊक.

दिवाळीत मला म्हणली होती, कपड्याची दोरी जरा खाली बांधा. बांधली. मसाल्याचे डबे वरच्या फळीवरून खाली आले. बघितलं. विचारलं नाय.

टेलर म्हणे. रस्त्यानं चाललेल्या माणसाचा कोणता खांदा पडलाय ते मला लांबून दिसतं.

१० जानेवारी
चहा पिताना विचारलं. म्हणलं, मला का नाय सांगितलं.
बशीत बघत म्हणली, "तुमालाच तमाशा आवडत नाय ना? मागं गुडघा दुखला तर म्हणले, कुरकुर नको. मंग नाय केली."

बोललो होतो मी. व्हय.

थोड्या टायमानं टेप घेतली. उभी रहा म्हणलं.
"काय करायलात?"
"माप."
"अंगाचं?"
"मंग काय भिंतीचं?"
लाजली. खरंच लाजली, आमच्या नातीला शोभंल असं. छाती, कंबर, डावी बाही. मंग उजवी. म्हणलं जाईल तेवढा कर वर. दात दाबून केला. खांद्याच्या लाईनीत जाऊन थांबला, जसा कोणी वरून दाबून धरलाय. मी हाताला हात लावला नाय, नुसती टेप धरली. वहीत उजवी-डावी वेगवेगळी लिहिली. अशी दोन मापं आजवर एकदाच लिहिली होती, एका जखमी फौजीची.

लग्नाला एवढी वर्षं झाली, तिचं माप माझ्या वहीत पहिल्यांदा आलं. नाव काय लिहावं? गिऱ्हाईकाचं नाव लिहितो तिथं 'घरचं' लिहिलं.

११ जानेवारी
दवाखाना. डॉक्टरीण बाई पोरगीच हाय, पण बोलायला सरळ. म्हणली, "खांदा जाम झालाय, सुटतो, टाइम लागतो. भिंतीवर बोटं चालवा, मुंगी चढती तशी. रोज." सगुणा विचारती, "२६ पर्यंत व्हईल का?" डॉक्टरीण हसली. "मावशी, तारीख नाय देत मी." मंग जाताना तिनं बी फोटो काढून घेतला.

घरी आल्यावर सैपाकघराच्या चौकटीला सगुणाला उभं केलं. बोटं चढली तिथं कपड्याच्या खडूनं खूण केली.
"तिथं का रंगवायलात घर?"
"गप चढव."

१४ जानेवारी
संक्रांत. बायका हळदीकुंकवाला. ही सगळ्यांना बसवूनच कुंकू लावायली. "बसा गं, उभ्यानं लावत नसत्यात." असं काय नसतं. शेजारची उंच बाई बसली गुमान. मागच्या दसऱ्याला बी हिनं असंच बसवलं असंल सगळ्यांना. मी बाहेर खुर्चीत पेपर वाचत बसलो असंन.

खूण दीड बोट वर.
तिळगूळ देताना मला म्हणली, "गोड बोला." म्हणलं, चढवलीस का बोटं?

१६ जानेवारी
झगा सगळा उसवला. डोकं लावलं. बाही ढीली केली तर हात आत जातो, पण वर करताना अख्खा झगा वर येतो, पोट उघडं. नसीमचं ढीलं घरात चालतंय. स्टेजवर नाय.

आन् मग उस्ताद आठवला. पैलवान, हमाल, घोडेवाले असे लोक यायचे, ज्यांना दिवसभर हात वर लागतो. त्यांच्या अंगरख्याला बगलेत चौकोनी तुकडा जोडायचा, तिरपा. चौबगला. हात खाली आसला की दिसत बी नाय, वर केला की पंख्यासारखा उघडतो, कपडा हाताबरोबर जातो. उस्ताद म्हणायचा, "कपड़े का काम आदमी से लड़ना नक्को." पंचवीस-तीस वर्षांत शिवला नव्हता मी. कोण घालतंय आता.

चार वेळा कापला. तीन वाया. चौथा बसला. टोकाशी शिलाई तीनदा फिरवली, तिथंच फाटतं.

१९ जानेवारी
घोंगडी. चित्रात हाय म्हणून पाहिजेच. तिच्या बापाची हाय, मेंढरांमागं आयुष्य काढलं त्या माणसानं या घोंगडीत. कैची लावायची नाय, सुई बी नाय. हुकूम.
म्हणलं, "मंग अडकवू कशी? गळ्यात बांधली तर सगळं वजन खांद्यावर."
"ते तुमी बघा. मास्तर तुमी."
आता मास्तर.

उचलून बघितली. पोतं वाटलं. संध्याकाळपर्यंत नुसता फिरलो घोंगडीभोवती. मंग जाड पट्टा शिवला कमरेला. घोंगडीचं एक टोक डाव्या खांद्यावरून, बाकी मागून पट्ट्यात खोचायची, दोन चामड्याच्या फासांत. वजन कंबरेवर. उजवा खांदा मोकळा. सुईचं टोक लागलं नाय घोंगडीला.

वास तसाच हाय. सगुणानं नाक लावलं आन् बराच वेळ काढलं नाय. मी पट्ट्याचं बक्कल घासत बसलो.

२२ जानेवारी
ट्रायल. उजवा हात बाहीत गेला, आवाज नाय काढला. पिवळं लुगडं, निळा झगा, घोंगडी. आरशासमोर उभी. खरं लिहितो, बरी दिसली. लई बरी. तिला म्हणलं, "चालंल."
"चालंल?"
"बरं हाय."
वैशाली म्हणली, "मामी, मामांनी बरं हाय म्हणलं म्हणजे पेढे वाटा."

हात वर केला. कानापर्यंत आला. चौबगला उघडला. पुढं तिला दुखलं, थांबली.

वैशाली म्हणली, "मामी, राहू द्या. मी छातीपर्यंतच घेते व्हिडिओ, कोणाला कळत नाय."
ही म्हणली, "शाळेतली पोरं छातीपर्यंत बघत नसत्यात गं."
मी प्लॅस्टिकची कळशी आणली होती, हलकी. तिनं ती मोरीत ठेवली. पितळंचीच पाहिजे म्हणती. रिकामी नेते म्हणती, तेवढं ऐकलं.

२४ जानेवारी
खूण कालच्या जागेवरच. चिडली. म्हणली, "नाय जात आता वर, आखडलाय तर आखडलाय, फोन करून सांगा येत नाय म्हणून."
फोन मी केला नाय. गरम पाण्याची पिशवी भरून दिली, आन् बाजूला बसून गिऱ्हाईकाच्या शर्टाचे काज केले. तमाशा नाय केला. पण बसलो.
थोड्या टायमानं उठून चौकटीकडं गेली आपली आपण.

२५ जानेवारी
इस्त्री. पट्टा, झगा, लुगडं पिशवीत. घोंगडी घडी करून मांडीवर नेणार म्हणती. माझी टेप आन् सुईदोरा खिशात. लागला तर.
चित्राचा कागदावर छापा काढून आणला वैशालीनं. मी भिंतीला लावला. वाकडा लागला, राहू दे.

२६ जानेवारी
पिशोरहून आत्ताच आलो. पाय दुखायले. थोडक्यात लिहितो.

झेंडा झाला. पोरं मैदानात रांगेनं बसली. थंडी होती, म्हणून घोंगडी बरी पडली. गावातल्या म्हाताऱ्या लांबून बघायल्या, "अगं ही तर सगुणी, मेंढरं घेऊन जायची ती." एकीनं घोंगडी ओळखली. हात लावून बघितली, डोळे पुसले, मंग म्हणली, "उडतीस का गं आता?"
"उडते की. तू बस मागं."

चित्रवाली पोरगी पुढं आली. बारकी, दोन वेण्या. नुसती बघायली. सगुणा तिच्यासमोर वाकली, कळशी दाखवली, "आशीच का?" पोरगी म्हणली, "हात वर."

पोरं लागली सगळी. हात वर, हात वर.

मी मागं उभा होतो, पट्टा नीट बसलाय का बघायला. मागून बगल दिसती. वैशालीच्या हातात मोबाईल, तिनं माझ्याकडं बघितलं, किती धरू म्हणून. मी मान हलवली. सगळं घे. सगुणानं श्वास घेतला. कळशी उचलली. वरडली. सगळं मैदान तिच्यासंगं वरडलं, "ए, तोटी बंद कर!"

चौबगला उसवला नाय. एवढं माझ्या कामाचं.

२७ जानेवारी
सकाळपासून फोन. पोरगं वाळूजहून, नसीम दारात, भाजीवाला बी. व्हिडिओ का नाय टाकला? हात वर गेला का? कुठंपर्यंत गेला?
व्हिडिओ वैशालीच्या मोबाईलात हाय. सगुणा म्हणती, टाकायचा का नाय ते बघू. घाई काय हाय.

आज चौकटीवर एक खूण जास्त दिसली. मी केलेली नाय. खडू माझ्या डब्यातलाच. सगुणा चहा ठेवत होती, मी खुणंकडं बघितलं, तिकडं तिनं बघितलं, साखर किती टाकू म्हणली. म्हणलं, टाक.

झगा धुवून दोरीवर वाळत घातलाय. दोरी वर बांधू का विचारलं. तिनं काय सांगितलं ते तिचं आन् माझं. खूण किती वर हाय ते बी. नसीम अजून दारात हाय, विचारायलीच. मी सांगणार नाय. इथं बी लिहिणार नाय.