होयचे बहुमत

१२ मार्च

आज सभागृहात झोपलो! जेवणानंतरची बैठक, हॉल थंडगार, आणि आरोग्यमंत्री एका सुरात कलमं वाचताहेत. शेजाऱ्याने कोपर मारलं. डोळे उघडतोय तोवर अध्यक्ष म्हणत होते, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे." म्हणालो — होय! खणखणीत. तीन टर्म हेच करतोय, झोपेतही चुकत नाही. समोरून चार-दोन बारीक 'नाही' आले. "होयचे बहुमत. विधेयक संमत." मिनिटभराचं काम.

शेजारी म्हणाला, "यंदाच्या अधिवेशनात तुमचा आवाज पहिल्यांदाच ऐकला." हसलो.

१३ मार्च

विधेयक वाचलं. आज! वरातीमागून घोडं. वरचा मजकूर गोंडस — 'लहान आरोग्य संस्थांचे सुसूत्रीकरण'. शेवटी जोडपत्र. त्यात बंद करायच्या दवाखान्यांची यादी. एकतिसावं नाव आमच्या गावच्या प्रसूतिगृहाचं.

अठरा खाटा. माझी ताई तिथे मोठी सिस्टर. आई गेली तेव्हा मी चौदा वर्षांचा, ती नुकतीच नोकरीला लागलेली. त्या पगारावर तिने मला वाढवलं, शिकवलं, स्वतःचं लग्न राहूनच गेलं. आठ महिन्यांनी ती निवृत्त होईल, तिचं काही अडत नाही. पण पुढचं प्रसूतिगृह चाळीस किलोमीटरवर, मध्ये घाट. अडलेली बाई तिथवर पोचेल का? यादी माझ्या टेबलावर आठ दिवस पडून होती. तिच्यावर चहाचा कप ठेवत होतो.

१४ मार्च

सकाळीच ताईचा फोन. "ऐकलं ते खरं का रे? आणि तू काय म्हणालास?"

"मी नाही म्हणालो." निघून गेलं तोंडातून!

"शाब्बास रे माझ्या वाघा!" पुढे बोलायच्या आत फोन ठेवला तिने. बायांना सांगायला धावली असणार.

आवाजी मतदान होतं. कोण काय म्हणालं याची नोंद नसते. याच एका गोष्टीचा दिवसभर आधार वाटतोय, आणि लाजही.

१७ मार्च

गावी गेलो. फाटकाबाहेर बायका धरणं धरून बसल्यात, भर उन्हात. मी उतरलो तर टाळ्या! कुणीतरी ओरडलं, "स्वतःच्या सरकारला नाही म्हणणारा माणूस!" एका गरोदर बाईने हात धरला — "भाऊ, तुम्ही आहात, आता घोर नाही." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी माईक हातात आल्यावर बोललो. चांगला बोललो, हेच वाईट.

१८ मार्च

पेपरात फोटोसकट — 'आमदारांचा सरकारला घरचा आहेर'. बायकोने कात्रण कापून ठेवलं. तिलाही सांगितलेलं नाही.

२० मार्च

पक्षाच्या प्रतोदांची नोटीस! तेच कात्रण जोडलेलं. पक्षादेश असताना 'नाही' म्हटल्याबद्दल चार दिवसांत खुलासा करा, अन्यथा आमदारकी रद्द करण्यासाठी अध्यक्षांकडे अर्ज करू. हसावं की रडावं? चोरी केली एक, पकडलं दुसऱ्याच चोरीसाठी!

पीएला खरं काय ते सांगितलं. तो शांत. या माणसाला घाम फुटलेला मी पाहिला नाही. "साहेब, सोपं आहे. खरं तेच लिहू. होय म्हणालो, पेपरवाल्यांनी गैरसमज केला. बंद पाकीट, वरच्यांकडेच राहतं. गावात नाही, पक्षात होय."

दोन्ही डगरींवर हात. सही केली.

२२ मार्च

ताईकडे गेलो. दवाखान्यात चादरींच्या घड्या घालत होती. "तुझ्या शब्दावर बसल्यात रे सगळ्या. एकीला चक्कर आली काल, तरी उठेना."

सांगून टाकलं. सगळं — झोप, होय, न वाचलेली यादी, पाकीट. तिने हातातली घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली.

"झोपेत म्हणालास ते एक वेळ समजू शकते. मला तर जागेपणी फसवलंस."

"मग आता काय करू?"

"मला काय विचारतोस? मी आमदार आहे का?"

तेवढ्यात आतून हाक आली. गेली. तासभर थांबलो. बाहेर आली तेव्हा मुलगी झाल्याचं त्या बाईच्या नवऱ्याला सांगितलं, माझ्याकडे पाहिलंही नाही. इतकं रडू आलं की गाडीत बसून राहिलो, ड्रायव्हरला खाली पाठवून.

२३ मार्च

बायकोला सांगितलं. म्हणाली, "आमदारकी गेली तरी घर चालेल हो. पण तुमचं हे तोंड मला रोज बघवणार नाही."

२४ मार्च

प्रतोदांना दुसरा कागद पाठवला: 'त्या दिवशी होय म्हणालो, न वाचता, झोपेत. आज वाचून, जागेपणी नाही म्हणतो. आधीचा खुलासा रद्द समजावा.' मग धरण्यावर जाऊन तोच कागद मोठ्याने वाचला. पीएने कपाळाला हात लावला — "तेलही गेलं, तूपही गेलं!"

टाळ्या नाहीत, शिव्याही नाहीत. मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी नाही म्हणणारं आमचं असं तिथे कुणीच नव्हतं?"