पाय डोमाजींकडे

४ नोव्हेंबर, मंगळवार
वजन २.४ किलो जास्त. शनिवारपासून प्यायलेलं पाणी, सगळं अंगातच. टेक्निशियन ममता काट्याकडे बघून म्हणाली, "भैया, पानी पीते हो कि पूरा तालाब?"
चार तास डायलिसिसच्या मशीनला. डाव्या हातात दोन सुया, हलवायचा नाही. मोबाइलचा वीट आलाय, म्हणून आज घरून गेम नेला. तो छोटा, स्क्रीनच्या दोन्ही बाजूंचे कंट्रोल निघतात तो. एका हाताने खेळून पाहिलं. उजव्या तुकड्यावर नजर, बंदूक, दार उघडायचं बटण. डाव्यावर पाय. म्हणजे बंदूक आहे, पाय नाहीत. गेममधली पाण्यातली भुतं आली आणि मी जागच्या जागी उभा राहून मेलो. सहा वेळा.
शेजारच्या बेडवरचे म्हातारबा कधीपासून बघत होते. "पळत काऊन नाई गा तो?"
म्हटलं, पाय डाव्या हातात आहेत.
त्यांनी आपला हात वर केला, "माहा डावा मोकळा आहे."
खरंच की. त्यांच्या डाव्या हाताची नस मागच्या वर्षी बंद पडली, आता सुया उजव्या हाताला. डावा तुकडा दिला त्यांच्याकडे. ट्रेचं टेबल दोन बेडच्या मध्ये. ममताने डोक्याला हात लावला.

६ नोव्हें., गुरु.
नाव डोमाजी. अर्जुनी मोरगावकडचे. गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या शेताला किती, कधी सोडायचं, हे आयुष्यभर त्यांच्या हातात. आता गोंदियात मुलीकडे राहतात आणि त्यांची मुलगी त्यांना दिवसाला पाऊण लिटर पाणी मोजून देते. हे त्यांनीच हसत सांगितलं.
गेम समजावला: बुडणारं गाव, वाचलेली चार माणसं, पाण्यातून येणारे बुडून मेलेले लोक, रात्र संपायच्या आत नावेपर्यंत पोचायचं. "आन् मंग?" मग काही नाही, वाचायचं.
आज आम्ही मुख्यतः भिंतीवर आपटलो. मी ओरडतोय, "बाबाजी, डावीकडे!" ते म्हणतात, "तिकडं उतार आहे, पानी येते. मी नाई जात." दोन मिनिटांनी तिथे खरंच पाणी भरलं. गेम बनवणाऱ्यांना माहीत नसेल इतकं या माणसाला उतार कळतो.
चार तास कसे गेले कळलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा.

८ नोव्हें., शनि.
ताई आली डबा घेऊन. कामठ्याहून स्कूटीवर, कापणी सोडून. उकळून पाणी काढलेली भाजी, बिनमिठाची. डबा ठेवला आणि उभ्या उभ्याच विचारलं, "तो रिपोर्ट दुसऱ्यांदा करता येत नाई का रे? मशीन चुकत असन."
म्हटलं, नाही जुळला तर नाही जुळला, ताई.
"माह्यातच काही कमी असन मंग."
मी स्क्रीनकडे बघत राहिलो.
इथे लिहून ठेवतो, कुठेतरी लिहायलाच हवं. जुळलाय. नागपूरचा रिपोर्ट तीन आठवड्यांपासून माझ्या मोबाइलमध्ये आहे. तिची किडनी मला चालते. आईची शुगर, म्हणून ती बाद. ताई एकटीच उरली होती आणि ताईच जुळली. हे मला आणि नागपूरच्या डॉक्टरला माहीत. डॉक्टरला सांगितलं, घरी बोलून कळवतो.

११ नोव्हें., मंगळ.
वजन १.९. ममता खूश.
चौकीदाराचा सीन झाला. हा म्हातारा सगळ्यांना गोळा करून सांगतो, मी मनोऱ्यावर जाऊन घंटा वाजवतो, ते सगळे माझ्याकडे येतील, तुम्ही मागच्या वाटेने निघा. आणि जातो. वरून घंटा, खालून पाणी. माझ्या अंगावर काटा आला, आधी तीनदा खेळलोय तरी.
डोमाजी म्हणाले, "हा बरा मानूस. सांगून गेला."
घरी येऊन व्हिडिओ पाहत बसलो. 'या गेममधले दहा शूर क्षण.' असे पन्नास व्हिडिओ आहेत. चौकीदार कुठे तिसरा, कुठे चौथा. दुसऱ्या नंबरला तो डॉक्टर, औषध आधी स्वतः पिऊन बघतो. एक नंबरला सगळीकडे नर्स आणि लोखंडी दार. कॉमेंट वाचत गेलो. लोक रडलेत. मीही रडलो होतो, हॉस्टेलला असताना. आता पाहताना वाटलं, मी पण तेच करतोय ना. दार आतून लावून घेतलंय आणि ताईला म्हणतोय, जा. बरं वाटलं. खरं तर फार बरं वाटलं.

१३ नोव्हें., गुरु.
दार आलं.
नर्स आपल्या मागे चालत असते. नावेच्या थोडं अलीकडे ती मागच्या मागे लोखंडी दार ओढते, पलीकडून कडी लावते आणि काचेतून सांगते, पळ. तुम्हाला पळायचं असतं. चाळीस सेकंद.
डोमाजी वळले. गेममधला माणूस वळला, म्हणजे पाय वळले. दारापाशी गेले आणि उभे.
"बाबाजी, नाव तिकडे."
"बाई आत आहे ना."
पाणी भरलं, मेलो. परत. परत वळले. नऊ वेळा! मी नुसता मान फिरवतोय, नाव दाखवतोय, पाय ऐकत नाहीत. शेवटी चिडलो. म्हटलं, गेममध्ये असंच आहे, ते दार उघडत नाही, मी सगळं वाचलंय.
"तिनं इचारलं काऊन नाई?"
"ती हिरो आहे बाबाजी. वाचवून राहिली आपल्याला. जगात एक नंबर आहे हा सीन."
"कोन देल्ला नंबर?"
ममता हसून हसून बेजार. मला नाही हसू आलं. घरी आलो तरी जीव जागेवर नाही. उगाच कपाट आवरलं, मोबाइलमधून तो रिपोर्ट काढून टाकावा असं वाटलं. काढला नाही.

१५ नोव्हें., शनि.
ताई नाही आली. भाऊजी आले डबा घेऊन. कापणी संपत आली म्हणाले. मग टोपी हातात घेऊन बसले. "चार दिवस झाले, धड बोलत नाई ती. माहं अंगच खोटं निघालं म्हनते. तुम्ही सांगून पाहा जरा."
मी डबा उघडला, दुधीची भाजी. तिला माहीत आहे मला दुधी आवडत नाही, म्हणून भाऊजींनी केलेली असणार.

१६, रवि.
आज डायलिसिस नाही. घरात फेऱ्या. आई दोनदा म्हणाली, बस ना.
माझ्या बाजूने नीट लिहून बघतो. बाबा गेले तेव्हा ताई दहावीत, मी सहावीत. ती शाळेतून आली ती परत गेलीच नाही. धानाच्या रोवणीला गेली, दुसऱ्यांच्या बांधीत. मी बी.एस्सी. झालो, क्लास काढला, पोरांना गणित शिकवतो. ती गणितात माझ्याहून हुशार होती, हे सगळ्या शाळेला माहीत. म्हणजे तिच्याकडून एक घेतलंय आधीच. आता पोट फाडून दुसरं घ्यायचं? तिला दोन मुली आहेत. काही झालं तर त्यांच्या तोंडाकडे कसं बघू.
हे सगळं खरं आहे. मग बेचैनी कसली?

१८ नोव्हें., मंगळ.
वजन २.८. ममताने नुसतं काट्याकडे बोट दाखवलं.
डोमाजींना सांगून टाकलं. का, माहीत नाही. गेम सुरू व्हायच्या आधीच. रिपोर्ट जुळलाय, ताईला खोटं सांगितलं, सगळं. वाटलं होतं, पाठीवर हात ठेवतील. हात तसाही पोचला नसता.
त्यांनी डावा तुकडा ट्रेवर ठेवला.
मग त्यांची गोष्ट. एका साली पाणी इतकं आलं की तलावाची पाळ फुटायला झाली. पाणी सोडायची मोरी गाळाने बुजलेली. डोमाजी कोणाला न सांगता आतून उतरले. "सांगतलं असतं तं कोनी उतरू देल्लं नसतं." मोरी मोकळी केली, पलीकडून निघाले, खालच्या शेतात दम खात बसले. इकडे धाकट्या भावाला वाटलं डोमा बुडाला. तो शोधायला उतरला, आणि मोकळ्या झालेल्या मोरीच्या ओढीनं त्याचा पाय आत खेचला.
"जगला. तीस वर्स झाले, लंगडून राहिला. एक शब्द नाई बोलला मले. शाल-नारळ मले भेटला, साऱ्या गावासमोर. तो खाली बसून टाळ्या वाजवत होता."
त्यांनी ट्रेवरचा तुकडा माझ्याकडे सरकवला.
"दोर धराले चार मानसं होते पाळीवर, बाबू. नुसतं सांगाचं होतं."
आज गेम सुरूच केला नाही.

२० नोव्हें., गुरु.
डोमाजी म्हणाले, "पाय भेटत नाई तुले. आधी बहिनीले सांग."
हट्टी म्हातारा. मी एकटाच सुरू केलं. दारापाशी उभा, पाणी वर, मेलो. पाच वेळा. त्यांनी डोळे मिटून घेतले होते पण झोपलेले नव्हते.

२२ नोव्हें., शनि.
ताई आली. मुद्दाम सुया लागल्यावर सांगितलं, म्हणजे मला उठून जाता येणार नाही.
म्हटलं, ताई, रिपोर्ट जुळलाय. मी खोटं बोललो.
आधी तिला कळलंच नाही. मग हसली, खरंच हसली, अगदी शाळेतल्यासारखी. मग हसू गेलं.
"कधीपासून?"
"दिवाळीपासून."
"आन् मी महिनाभर…" पदराने तोंड पुसलं. मी सांगत सुटलो, तुझ्या मुली, तुझी शाळा, मी तुझं आधीच किती घेतलंय, तुला त्रास नको म्हणून…
"शाळा सोडली तवा कोनी इचारलं नाई मले," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बाबा गेले, आईनं दप्तर उचलून माळ्यावर टाकलं. मले वाटलं, आता मोठी झाली, आता तरी कोनी इचारन. तूबी नाई इचारलं."
गेली. जिन्यावर चपला वाजल्या.
वॉर्डात सगळे ऐकत होते. डोमाजींनी खिडकीकडे मान केली, त्यांच्या बेडवरून खाली दिसतं. "गाडी आहे अजून," म्हणाले. अर्ध्या तासाने, "आहे." मशीन संपायला आली तेव्हा, "गेली."
डबा राहिला. आज दुधी नव्हती.

२३, रवि.
सकाळी तिचा मेसेज. 'रिपोर्ट पाठव. पूर्ण.' पाठवला. तिने बघितला. उत्तर नाही. दुपारी मी 'ताई?' लिहिलं. तेही बघितलं.
डबा घासून ठेवला. आईने त्यात शेव-चिवडा भरला, रिकामा कसा द्यायचा म्हणून. मी अजून आईला काही सांगितलेलं नाही. तिलाही दप्तराचं विचारायचं आहे. आज धीर झाला नाही.

२५ नोव्हें., मंगळ.
वजन १.६. इतकं कमी कधीच नव्हतं. शनिवारपासून पाणीही जेमतेम प्यायलो.
घरून निघायच्या आधी भाऊजींचा फोन. ताईने स्वतः नागपूरला फोन लावला, डॉक्टरची वेळ घेतली. सोमवारची. एकटी जाणार. भाऊजी म्हणाले, मी येतो, तर नको. हो म्हणायला जाणार की नाही म्हणायला, हे त्यांनाही सांगितलं नाही. "तुमच्यासाठी निरोप देल्ला," म्हणाले. "येऊ नको म्हना त्याले. मी मनानं ठरवीन. त्याले उभं राहू दे बाहेर थोडं."
वॉर्डात डोमाजींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डावा हात पुढे केला. त्यात तुकडा दिला.
परत दार. नर्सने कडी लावली, काचेतून म्हणाली, पळ. पाय वळले, दारापाशी जाऊन थांबले. मी या वेळी नावेकडे मान फिरवली नाही. काचेकडेच नजर ठेवली. उजव्या हाताने दाराचं बटण दाबत राहिलो, काही होत नाही हे माहीत असून. पाणी कमरेपर्यंत आलं.
"थांबव," डोमाजी म्हणाले. थांबवलं. चित्र तसंच ठेवलं, ती आत, आम्ही बाहेर. ममताने सुया काढल्या, कापूस दाबून धरायला सांगितलं.
आज मंगळवार. सोमवार सहा दिवसांवर. ताई आलीच तर द्यावा म्हणून डबा पिशवीत घालून आणला होता, तसाच परत नेला.