न कापलेली गाठ

ता. ९ जून

चि. पदवीधर बाईस,
अनेक आशीर्वाद.

टाके निघाले. डावा हात अजून वर जात नाही, म्हणून वेणी तुझे काका घालतात, दोरखंड वळल्यासारखी. हसू नकोस.

स्तनातून काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला. माझ्या गाठीच्या पेशींत हार्मोन पकडणारे रिसेप्टर नाहीत, म्हणून हार्मोन रोखणाऱ्या रोजच्या गोळीचा उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या आठवड्यापासून सलाइनमधून औषधं. रिपोर्टची खात्री काय, असं काकांनी विचारलं. मी म्हटलं, आपल्या पोरीच्या लॅबचा आहे, आणखी काय हवं? घाबरले आहे, पण हे तुझ्या आईला सांगू नकोस.

तुझी मावशी

ता. ११ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर धीर सुटेल, म्हणून लिहिते. तो रिपोर्ट खरा धरू नकोस.

तुझी गाठ शनिवारी दुपारी आली. दुसऱ्या कुणी तिला हात लावू नये, सोमवारी मीच सगळं नीट करीन, म्हणून बरणी मी बाजूला ठेवली. फॉर्मलिनमध्ये, म्हणजे नासू न देणाऱ्या द्रवात, बुडवली होती. पण गाठ आधी कापावी लागते, तरच ते आतपर्यंत पोचतं. आख्खी राहिली की मधला भाग नासतो, आणि रिसेप्टर असले तरी दिसत नाहीत. हे मला परीक्षेत आलं होतं, मावशी.

काल तुझ्या गाठीची काच सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहिली. रिसेप्टर असलेल्या पेशी तपासणीत तपकिरी रंगतात. शेजारच्या निरोगी ग्रंथींत तरी काही पेशी तपकिरी दिसायला हव्यात. एकही नाही. म्हणजे तपासणीच फसली.

लॅबच्या मोठ्या मॅडमना सांगायला गेले आणि दारातूनच परत आले. मला कायम करायचं की नाही, हे त्या याच महिन्यात ठरवणार आहेत. तू मात्र सलाइनचं औषध इतक्यात सुरू करू नकोस.

तुझी अपराधी भाची

ता. १२ जून

चि. बाळास,
आशीर्वाद आहेतच, पण राग आला आहे, तो आधी घे.

माया करावी, ती कामात कशाला कालवायची? आणि दारातून परत? पाय दुखत होते का? गाठ माझी आहे. लागू पडणारी गोळी तुझ्या भीतीपायी चुकायला नको. आठवडाभर थांबता येईल, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनआधी सुईने काढलेला पहिला तुकडा तुमच्याकडे असेल, तो तपासा, असंही म्हणाले.

हे पत्र वाचून झालं की ऊठ. नोकरी गेली तर इकडे ये. काकांची वेणीतून सुटका होईल.

तुझीच, मावशी

ता. १९ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

उठले. मॅडम ओरडल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. सुईचा तुकडा मेणात जपलेला होता. मला हात लावू दिला नाही. बाहेरच्या बाकावर नातेवाइकांत बसवलं. तिथे बसणं काय असतं, ते कळलं.

मग आत बोलावून काच दाखवली. निरोगी ग्रंथी तपकिरी, आणि तुझ्या गाठीच्या पेशी तर दहातल्या नऊ. रिसेप्टर आहेत, मावशी! सलाइनचं डॉक्टर ठरवतील, पण गोळी तुला लागू पडेल. नोकरीचं अजून ठरलेलं नाही.

नवा रिपोर्ट सोबत आहे. जुना रद्द का केला, ती ओळ रिकामी ठेवून मॅडमनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहिलं, नमुना वेळेवर कापला गेला नाही. वाचून त्यांनी एवढंच विचारलं, की कुणाकडून? मी कागद परत घेतला आणि माझं पूर्ण नाव लिहिलं.

लोभ ठेवायचा की नाही, ते आता तू ठरव.

तुझी भाची