रबरी नळीतला प्राणायाम

संकठा घाट, वाराणसी
फाल्गुन शुद्ध पंचमी

श्री. रा. रा. वेणीमाधवराव यांस ढुंढिराजाचा नमस्कार पोचावा.

इकडे आम्ही (म्हणजे मी एकटाच, आपली भगिनी शरदिनी तिकडे आहे) विश्वनाथाच्या कृपेनं आणि एका रबरी नळीच्या आधारानं जिवंत आहोत. आपला गुडघा कसा आहे? नात रात्री झोपू देते का? पत्र मुद्दाम तुमच्या वाचनालयाच्या पत्त्यावर टाकतोय, कारण तुमच्या घरचा फोन कुणीही उचलतं आणि शरदिनी तर तो स्पीकरवर टाकते. वाचून झालं की फाडून टाकावं.

शरदिनी तुमच्या नातीच्या बारशासाठी नागपूरला गेली आणि होळीच्या आधी देव घासावेत अशी मला बुद्धी झाली. (घरची पूजा ती करते. मी लोकांच्या घरच्या करतो, त्यामुळे आमच्या देव्हाऱ्यात कोण कुठे बसतं हे मला नक्की ठाऊक नसतं.) ताम्हनात सगळे देव घेऊन घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसलो, चिंच लावली, तेवढ्यात एक मोटरची नाव अगदी खेटून गेली. लाट आली, ताम्हन कलंडलं. चाचपून चाचपून देव गोळा केले आणि घरी येऊन मांडतो तर अन्नपूर्णा नाही. तुमच्या आईनं लग्नात दिलेली, शरदिनीनं गौरीहराला पुजलेली ती पितळी अन्नपूर्णा. आई गेल्यापासून शरदिनी रोज सकाळी तिच्याशी बोलते. (माझ्याशी चहानंतर.) आता हिला तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात.

रेल्वेतल्या सुमंतरावांचा मुकुल पाण्याखाली उतरायला शिकवतो. त्याच्या पद्धतीत पाठीवर टाकी वगैरे नसते. वर नावेत हवा दाबणारं यंत्र, तिथून निघालेली लांब नळी आणि नळीचं टोक आपल्या दातांत. तो म्हणाला, ‘काका, मी काढून देतो, दस मिनट का काम है.’ मी म्हटलं, देव ओवळ्यानं उचलायचा नाही, मीच उतरणार. माझा चेहरा पाहून तो कबूल झाला, पण आधी डॉक्टरला कान आणि छाती दाखवायची, मग पोहण्याच्या तलावात शिकायचं आणि मगच गंगा, यावर अडून बसला. शिवाय मिशीमुळे काचेच्या मुखवट्यात पाणी शिरतं म्हणून मिशी गेली. काशीत माझ्या वयाच्या माणसानं मिशी उतरवली की ‘कोण गेलं?’ एवढंच विचारतात. दूधवाल्यानं मिशी नाही आणि घरात शरदिनीही नाही, या दोन्हींचा मेळ घातला आणि दारातच डोळे पुसले. मी समजावेपर्यंत तो पुढच्या घरी पोचला होता.

मुकुलचा नियम एकच. ‘काका, बाकी सब भूल जाइए, साँस रोकनी नहीं.’ खाली घेतलेली हवा वर येताना फुगते. श्वास कोंडून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं, अगदी तलावातसुद्धा. मी मान डोलावली आणि खाली गेलो. कानात दडा बसला, भीती वाटली. आता भीती वाटली की माझी बोटं आपोआप नाकाशी जातात, मुंजीपासूनची खोड आहे. मुखवट्यासकट नाक दाबलं, कुंभक लावला, मनात मंत्र सुरू केला. बुडबुडे बंद पडले. मुकुलला वाटलं काका गेले. त्यानं मला तिथेच धरलं, पोटात बोट खुपसून श्वास सोडायला लावला आणि मगच हळूहळू वर आणलं. म्हणाला, ‘प्राणायाम घर पर, काका. इथे गुणगुणत राहा. जो गुणगुणतो त्याला श्वास कोंडता येत नाही.’ जन्मभर बटूंना श्वास रोखायला शिकवलं, आणि म्हातारपणी तो सोडायला शिकावं लागलं.

मग गंगा. मुकुल शेजारी, माझ्या कमरेला दोरी, दोरीचं टोक नावेतल्या मल्लाहाच्या हातात. यंत्राचा धूर माझ्या पोटात जाऊ नये म्हणून त्याचं हवा ओढायचं तोंड वाऱ्याकडे केलेलं. मी सोवळ्याचा मुकटा नेसून उतरायला निघालो तर मुकुल म्हणाला, ‘कपडा नळीत अडकेल. आणि गंगाजी में कौन ओवळा, काका?’ (हे आधी सुचलं असतं तर मी काठावर बसलो असतो आणि मिशीही राहिली असती.) पाणी डोक्यावर जेमतेम हातभर, पण दिसत काही नाही. गुणगुणत पायऱ्यांच्या भेगा चाचपत गेलो. पणत्या, एक चप्पल, कुणाची तरी कवळी. आणि मग बोटाला पळी लागली, मांडीवर आडवी धरलेली. नळी तोंडात असतानाही रडता येतं आणि त्यात श्वास कोंडला जात नाही, हे मात्र मुकुलनं शिकवलं नव्हतं. तिला मुठीत धरून शिकवल्याप्रमाणे सावकाश, बुडबुडे सोडत वर आलो.

देव्हारा आता भरला आहे आणि जीव भांड्यात पडला आहे. शरदिनीला यातलं काही कळू देऊ नये. नातीला अनेक आशीर्वाद.

आपला,
ढुंढिराज

ता. क. : तुमच्या आईच्या अन्नपूर्णेच्या डोक्यावर मुकुट होता की पदर? चिंचेनं घासल्यावर हिला मुकुट निघाला. जुना फोटो पाहून गुपचूप कळवावं. (खरं म्हणजे पत्र याचसाठी लिहिलं.)

ता. क. २ : पाकीट चिकटवायच्या आत तुमच्या घरून शरदिनीचा फोन आला. दूधवाल्याचं ऐकून गल्लीतल्या कुणीतरी शरदिनी गेली म्हणून सांत्वनाला नागपूरला फोन लावला आणि तो शरदिनीनंच उचलला. मग मला सगळं सांगावं लागलं. ऐकून म्हणाली, तिची अन्नपूर्णा तिच्या बॅगेतच आहे. बारशाला नातीच्या पाळण्यात ठेवायची, आईची वस्तू आईच्या घरी. मला सांगितलं असतं तर मी शास्त्रार्थ काढला असता, म्हणून सांगितलं नाही.

ता. क. ३ : मी विचारलं, मग ही कुणाची कोण, परत गंगेत सोडू? म्हणाली, ‘खबरदार. आईची बाळीला राहू दे. जिच्यासाठी तुम्ही या वयात बुडायला निघालात, ती माझी.’ तेव्हा बारसं झालं की शरदिनीला पहिल्या गाडीनं पाठवावं. तोवर या नव्या अन्नपूर्णेशी रोज सकाळी मीच बोलतो आहे, चहाच्या आधी.