जखमी होणे हे आमचे काम नव्हे

३ मार्च, सोमवार

नवे मेजरसाहेब काल आले आणि आल्या आल्या कात्री चालवायला निघाले. एरवी ते डोळ्यांचे डॉक्टर. फौजी फक्त शनिवार-रविवार, कारण आमची बटालियनच राखीव. म्हणाले, बटालियनच्या मागे जे स्वयंसेवक लटकलेत (शब्द त्यांचा!) त्यांनी १६ तारखेला दहा मिनिटांत आपला उपयोग सांगावा. नाही पटला तर ड्रिल हॉलमागची आमची खोली रिकामी करायची. तिथे टायर ठेवणार.

टायर! या सहायक पथकाचा मी स्थापनेपासून प्रमुख आहे. त्या खोलीत माझी खुर्ची आहे, नावाची पाटी आहे, पंखा आहे. बाथरूम फिटिंगच्या दुकानात हल्ली मुलगा मला स्टुलावर बसवतो, तेही गिऱ्हाइकांना दिसणार नाही असं. म्हणजे माझी म्हणावी अशी खुर्ची जगात ती एकच. पण ते असो. प्रश्न वैयक्तिक नाही.

निश्चय: ऐतिहासिक भाषण.

४ मार्च

भाषणाचे मुद्दे काढायला बसलो. मुद्दा एक: राष्ट्र. मुद्दा दोन: (चहा घेऊन लिहितो.)

चहा झाला. बायकोने विचारलं, पण तुम्ही तिथे नक्की करता काय? म्हटलं, कोऑर्डिनेशन. म्हणाली, मग ते जरा गॅसवाल्याशीही करा, सिलिंडर अजून आलेला नाही. या घरात सैनिकी विचार समजणारं कोणी नाही.

मुद्दा दोन उद्या.

६ मार्च

पथकाची तातडीची मीटिंग. कागदावर चौदा जण, खोलीत तिघं: मी, शिंपी आणि बेकरीवाला. शिंपी म्हणाला, आपण जखमी होतो ते सांगा ना साहेब.

झालं! बटालियनची वैद्यकीय तुकडी सराव करते तेव्हा हे लोक मैदानात लोळतात. गळ्यात कार्ड: हात मोडला, डोक्याला मार, वगैरे. तुकडीने शोधायचं, कार्ड वाचायचं, पट्टी बांधून स्ट्रेचरवरून न्यायचं. शिंप्याला त्यात भारी हौस. कण्हतो काय, पाणी मागतो काय! बेकरीवाला पहाटेचा उठलेला असतो, म्हणून त्याला नेहमी ‘बेशुद्ध’ देतात. घोरतो.

मी ठणकावून सांगितलं, जखमी होणे हे आमचे काम नव्हे. आजवर मी एकदाही पडलेलो नाही. प्रमुख आडवा होत नसतो. शिंपी म्हणाला, पण साहेब, दुसरं काही ते आपल्याला देतच नाहीत. हे वाक्य मिनिट्समध्ये घेतलं नाही.

९ मार्च, रविवार

आमचं खरं मोल दाखवायची संधी चालून आली. बटालियनचे तीन ट्रक येणार होते. कोणी सांगितलं नसताना गेटबाहेर चौकात उभा राहिलो. शिट्टी, पांढरे हातमोजे. पहिला ट्रक माझ्या इशाऱ्यावर शेजारच्या कार-वॉशमध्ये शिरला. आणि फौजेची शिस्त अशी की मागचे दोन्हीही शिरले.

चूक ड्रायव्हरची. डावा हात हलला की डावीकडे जा असं मी कुठे म्हटलं होतं? मेजरसाहेब फक्त एवढंच म्हणाले की ट्रक स्वच्छ निघाले. कौतुकच म्हणायचं.

१२ मार्च

स्लाइड्स तयार. बहुतेकांत मी आहे. मुलगा म्हणाला, बाबा, थोड्या कमी करा. त्याने आधी दुकानातले गळके नळ कमी करावेत.

बायकोसमोर रिहर्सल. ‘राष्ट्र’पर्यंत जागी होती. माझ्या आवाजात लोकांना धीर देण्याची ताकद आहे, हे सिद्ध झालं.

मुद्दा दोन अजून सुचला नाही. व्यासपीठावर आपोआप सुचतो, असा अनुभव आहे.

१५ मार्च, शनिवार

घात. मेजरांचा निरोप: भाषण उद्या मैदानातच, वैद्यकीय सराव चालू असताना. प्रोजेक्टर नाही. वर बेकरीवाल्याचा ओव्हन बंद पडलाय, तो येत नाही. शिंपी त्याचं कार्ड घेऊन दारात. साहेब, एकदा तरी पडा. साफ नकार दिला. कार्ड ठेवून घेतलं, निषेध म्हणून मेजरांच्या हातात परत द्यायला.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळ

पाय उशीवर. जे झालं ते असं.

एका हातात भाषण, दुसऱ्यात शिट्टी, म्हणून कार्ड गळ्यात अडकवलं होतं. मेजरांनी खूण केली. सर्वांना दिसावं म्हणून घोंगड्यांच्या खोक्यावर चढलो. ‘राष्ट्र’ म्हणालो आणि खोकं बसलं. मीही. घोटा कडकन मुरगळला. कळवळून ओरडलो.

दोन जवान धावत आले. त्यांनी कार्ड वाचलं: ‘पोटात गोळी. बेशुद्ध.’ आणि माझा इस्त्रीचा शर्ट फाडून पोटाला पट्टी बांधायला लागले. मी ओरडतोय, पाय! पाय! त्यांच्या प्रमुख बाई आल्या. या एरवी गुरांच्या डॉक्टर. त्यांनी कार्ड बघितलं, मला बघितलं, आणि म्हणाल्या, बेशुद्ध माणूस एवढा बोलतो म्हणजे भ्रम झालाय, लिहून घ्या. मी सांगितलं, मी पथकप्रमुख आहे. म्हणाल्या, हेही लिहा.

मग मात्र माघार घेतली नाही. स्ट्रेचरवरून अख्खं भाषण केलं. मध्ये मध्ये पावलं जुळवून चाला, डावीकडून वळा, अशा सूचनाही दिल्या. दोनदा उठायचा प्रयत्न केला, एकदा त्यांनीच मला पाडलं. तंबूत बाईंनी बूट काढून बैलाचा खूर धरावा तसा पाय धरला, आणि म्हणाल्या, अरे, हा खरंच सुजलाय. माफी कोणी मागितली नाही. शिंपी हसून हसून रडत होता. मेजर हाताची घडी घालून सगळं बघत होते.

खोली गेली. टायर बसतील माझ्या खुर्चीत. फार वाईट वाटतंय.

१९ मार्च

राजीनामा लिहिला. जळजळीत. तो स्वतः नेऊन द्यायचा असतो, म्हणून पायामुळे अडलाय.

२२ मार्च, शनिवार

मेजरसाहेब घरी! म्हणाले, खोली तुमचीच. बायकोकडे बघितलं: भाषण! मेजर म्हणाले, भाषणाचं कारण नाही. बाकीचे जखमी शहाण्यासारखे पडून राहतात. खरा जखमी तसा नसतो. तो ऐकत नाही, भांडतो, हुकूम सोडतो, स्ट्रेचरवरून उतरायला बघतो. असा जखमी आमच्या तुकडीला कधी मिळालाच नव्हता. दर महिन्याला याल का?

मी बाणेदारपणे माझं वाक्य ऐकवलं. ते म्हणाले, पटलं. मग टायर आणतो.

तत्त्वाचा प्रश्न आहे, विचाराला एक दिवस मागून घेतला.

२३ मार्च, रविवार

राजीनामा फाडला. कुबडी घेऊन खोलीत गेलो, खुर्चीत बसलो, पंखा लावला. बरं वाटलं.

मेजरांना अटी घातल्या. एक, मला ‘जखमी’ म्हणायचं नाही, ‘प्रमुख जखमी’ म्हणायचं. दोन, शर्ट फाडायचा नाही. पहिली मान्य झाली.

गुरांच्या डॉक्टरबाईंनी पुढच्या महिन्याचं माझं कार्डही लगेच पाठवून दिलं: ‘जबडा मोडला. बोलता येत नाही.’ म्हणे येत नाही! बघतोच.

बायकोने ते कार्ड फ्रिजवर लावलंय. म्हणाली, तोवर घरी सराव करा.