पालथी बडगी

२५ ऑक्टोबर

चिरंजीव योगराज भाऊबीज आटोपून आज सकाळी सहकुटुंब नाशिकला परतला. निघण्यापूर्वी त्याने मला खुर्चीत बसवून समज दिली. 'समज देणे' हे क्रियापद वडिलांनी मुलाच्या बाबतीत वापरावयाचे असते. येथे उलट घडले, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

त्याचे म्हणणे असे : सौ.चा उजवा खांदा आखडला आहे. मळणे, कुटणे, हात वर नेणे डॉक्टरांनी बंद सांगितले आहे. तरी घरातले सगळे तीच करते. तेव्हा जळगावचे घर बंद करून दोघांनी नाशिकला यावे. तिथे स्वयंपाकाला बाई आहे. खांद्याचे व्यायाम करून घेणाऱ्या मॅडम खालच्याच मजल्यावर राहतात.

नाशिकला मी जाणार नाही. तिथे मला कोणी 'सर' म्हणत नाही. लिफ्टमध्ये 'अंकल' म्हणतात.

मी तोडगा मांडला. घरातली कामे यापुढे यंत्रे करतील. चंपाषष्ठीनंतरच्या रविवारी आपल्या गच्चीवर दरवर्षीप्रमाणे भरीत पार्टी होईल. ती संपूर्णपणे यंत्रांवर होईल, आणि सौ. खुर्चीवर बसून राहील. तसे झाल्यास नाशिकचा विषय कायमचा बंद. योगराज म्हणाला, चालेल नाना, पण आईचा हात वर गेलेला दिसला, तर तुम्हा दोघांना न्यायला गाडी रिकामीच आणलेली असेल.

सौ. म्हणाली, आधी ते ताट उचलून मोरीत ठेवा, मग यंत्रांचं बघू.

ताट उचलण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही.

२९ ऑक्टोबर

चॉपर आला. सोबतची मराठी माहितीपुस्तिका वाचून मन विषण्ण झाले. 'पाते धारदार असल्यामुळे सावधानी राहावे करा.' हे वाक्य लिहिणाऱ्याला कोणत्या शाळेने पुढच्या वर्गात ढकलले असेल?

विक्रेत्याच्या संकेतस्थळावर सविस्तर अभिप्राय लिहिला. तारे दोन. एक तारा यंत्राच्या हिरव्या रंगासाठी, दुसरा पुस्तिकेतील एकमेव शुद्ध वाक्यासाठी ('मुलांपासून दूर ठेवा').

समोरचे बन्सीलाल, एसटीतून निवृत्त झालेले, यांना अभिप्राय वाचून दाखवला. ते म्हणाले, झकास लिहिलंय सर, पण कांदा चिरतो का तो? मी म्हणालो, तो भाग वेगळा.

दुपारी कांदा चिरला. अर्धा कांदा पाणी झाला, अर्धा झाकणाला चिकटला. धुण्यासाठी चॉपरचे सगळे भाग सुटे करावे लागतात. सौ.ने डाव्या हाताने धुतले. विळीवर एव्हाना शेरभर चिरून झाले असते, असे ती पुटपुटली. डाव्या हाताला सवय होत आहे, ही जमेची बाजू.

६ नोव्हेंबर

कणीक मळण्याचे यंत्र. गव्हाची कणीक उत्तम मळली, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. संध्याकाळी मी कळण्याचे पीठ घातले. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले हे पीठ या यंत्राच्या परदेशी निर्मात्याने पाहिलेले नसावे. यंत्र प्रथम गुरगुरले, नंतर कण्हले, नंतर त्यातून जळक्या रबराचा वास आला.

दोष यंत्राचा नाही. कळण्याच्या पिठाला शिस्त नाही.

सौ.ने भाकरी थापल्या. डाव्या हाताने थापल्या की उजव्या, ते मी पाहिले नाही. त्या वेळी अभिप्राय लिहीत होतो.

संकल्प : पार्टीला कळण्याच्या पुऱ्या बाहेरून मागवाव्यात. बाहेरून मागवणे हाही यंत्राचाच प्रकार होय, कारण ऑर्डर मोबाईलवरून जाते.

११ नोव्हेंबर

एअर फ्रायर. फार देखणी वस्तू. कपाटाएवढी जागा व्यापते, पण प्रगतीला जागा द्यावीच लागते.

भरताच्या वांग्यांसाठी नावाजलेल्या असोदा गावचे एक पांढरट-हिरवे वांगे आत ठेवले. सौ. म्हणाली, त्याला टोचे मारा, तेलाचा हात लावा. पुस्तिकेत टोचे मारण्याचा उल्लेख नव्हता. वांगे फुटले. आवाज मोठा झाला; बन्सीलाल बनियनवरच धावत आले आणि म्हणाले, सर, ट्रान्सफॉर्मर गेला का आपला?

सौ.ने फ्रायरचे आतले छत पुसले. त्यासाठी हात वर न्यावा लागत नाही, डोके खाली घालावे लागते. डॉक्टरांनी डोक्याबद्दल काही सांगितलेले नाही.

बन्सीलाल म्हणाले, गच्चीवर दोन विटा मांडून तुरकाठ्यांवर भाजू ना, दरवर्षीसारखं. मी नम्रपणे सांगितले, की धुराचा जमाना गेला. त्यावर सौ. म्हणाली, चवही त्याच्याबरोबरच गेली म्हणायची. या वाक्याचा रोख माझ्या लक्षात आला नाही, असे मी दाखवले.

१५ नोव्हेंबर

ओट्यावर जागा उरली नाही. सौ.ला पोळपाट ठेवायला स्टूल घ्यावे लागते. समस्या यंत्रांनी निर्माण केली, ती यंत्रानेच सोडवली पाहिजे. म्हणून ड्रिल मशीन घेतले.

भिंतीत फळी बसवायची, तर फळी घरात नव्हती. तेव्हा ओट्याखाली बडगी दिसली. बडगी म्हणजे एका अखंड लाकडात कोरलेले, होडीसारखे खोल भांडे. त्यात भाजलेली वांगी, मिरच्या आणि लसूण घालून मुसळीने कुटतात. ही बडगी सौ.च्या आईने लग्नात पारोळ्याहून बैलगाडीत घालून पाठवली होती. कुटणे डॉक्टरांनी बंद केल्यामुळे ती विनावापर पडून होती. लाकूड भक्कम. तळ सपाट. पालथी घातली, की उत्तम फळी.

सौ. डॉक्टरांकडे गेलेली असताना मी तळाला चार भोके पाडली, लोखंडी कोनांवर बडगी पालथी बसवली आणि तिच्यावर मिक्सर ठेवला. काम अतिशय सुबक झाले. विद्यार्थ्यांनी पाहायला हवे होते.

सौ. आली. एका भोकातून करंगळी घालून पाहिली आणि चहा टाकला.

भारावली असावी.

१६ नोव्हेंबर

ड्रिलला पाच तारे दिले. माहितीपुस्तिका केवळ इंग्रजीत, त्यामुळे मराठीचा अपमान झालेला नाही.

सौ. कालपासून फारशी बोलत नाही. खांदा दुखत असावा.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

नैवेद्याला सौ.ने एकच वांगे गॅसवर भाजले आणि वाटीच्या बुडाने चेचले. मी म्हणालो, मिक्सर आहे ना. ती म्हणाली, देवाला तरी भरीत खाऊ द्या.

चव चांगली होती. पद्धत अशास्त्रीय.

३० नोव्हेंबर, सकाळी सहा

आज पार्टी. नियोजन पक्के आहे. एअर फ्रायरमध्ये वांगी भाजणार (टोचे मारून, याबाबत मी लवचीक आहे). चॉपर पातीचा कांदा चिरणार. मिक्सर भरीत करणार. पुऱ्या बाहेरून येणार. सौ. खुर्चीवर. योगराज आणि सूनबाई नूतन रात्रीच पोचले आहेत. पारोळ्याहून सौ.चे थोरले बंधू छगनभाऊ मंडळींसह येतील.

गाडी खरोखरच रिकामी आणली आहे. पाहून घेतले. हसू आले.

३० नोव्हेंबर, सायंकाळी

थकलो आहे. थोडक्यात लिहितो.

एअर फ्रायरमध्ये असोद्याची वांगी एका वेळी दोनच मावतात. हे मला माहीत होते. पाहुणे एका वेळी किती भुकेले होतात, हे माहीत नव्हते. मंडळी गच्चीवर शेंगदाणे खात बसली. शेंगदाणे भरतात घालायचे होते.

पुऱ्या आल्या. मैद्याच्या होत्या.

भाजलेली वांगी मी स्वतः मिक्सरमध्ये घातली, मिरच्या-लसूण घातले, आणि झाकण दाबून धरले. यंत्राने आपले काम चोख केले. फारच चोख केले. पातेल्यात जे उतरले, ते भिंतीला लावण्याजोगे गुळगुळीत होते. मी वर फोडणी ओतली. फोडणी वर तरंगत राहिली.

छगनभाऊंनी एक घास घेतला. त्यांचे शब्द शब्दशः नोंदवतो : "सर, हाई भरीत शे का खीर शे? मंग वाटी-चमचा आना!" गच्ची हसली. एरवी मी बोलण्यात दुरुस्ती सुचवतो. आज त्राण नव्हते.

सौ. खुर्चीवर बसली होती. ती उठली. योगराजला म्हणाली, ती बडगी भिंतीवरून काढ. तो म्हणाला, आई, नको. ती म्हणाली, काढतोस की मी चढू? त्याने काढली. बन्सीलालांनी कुठून तरी तुरकाठ्या आणल्या. मला वाटते, त्या पहिल्यापासूनच त्यांच्या घरी तयार होत्या. गच्चीवर विटा मांडल्या. उरलेली वांगी धुरात भाजली गेली.

सूनबाई म्हणाल्या, आई, मी कुटते. त्यांनी कुटले; पण ते हलक्या हाताने, विचारपूर्वक, जणू ऑफिसचे काम. सौ.ने थोडा वेळ पाहिले, मग मुसळी काढून घेतली. प्रथम डाव्या हाताने कुटले. नंतर दोन्ही हातांनी. उजवा हात खांद्याच्याही वर गेला. तिच्या तोंडावर कळ दिसत होती आणि समाधानही दिसत होते. एका चेहऱ्यावर दोन्ही एकाच वेळी मी प्रथमच पाहिले.

छगनभाऊ म्हणाले, "मशिनस्नी बठ्ठं करं ना, मंग आते तू काय करी राहिनी?" ('बठ्ठं' म्हणजे सगळे, 'आते' म्हणजे आता.) ती म्हणाली, दादा, मशिनला सुट्टी दिली.

बडगीच्या तळातल्या चारही भोकांतून रस गळत होता. मी खाली ताट धरले. ते ताट सबंध वेळ मीच धरले होते, याची कोणी दखल घेतली नाही.

भरीत अप्रतिम झाले. मंडळी मैद्याच्या पुरीलाही नावे ठेवायची विसरली. बोटे चाटून सगळे संपवले. माझे पातेले तसेच राहिले.

तात्पर्य, पार्टी यशस्वी झाली.

योगराज गच्चीवरून खाली गेला आणि गाडीची मागची सीट झटकली.

१ डिसेंबर

सौ. गेली. पार्टी यशस्वी झाली होती, म्हणून मी करार मोडण्यास तयार नव्हतो; हात वर गेला होता, म्हणून योगराजही नव्हता. पण त्याने बोलण्याआधी तीच म्हणाली, की रात्रभर खांद्याने झोपू दिले नाही, आता तिथल्या मॅडमकडे दाखवते. मी म्हणालो, आपण दोघांनी ठरवले होते, की जळगाव सोडायचे नाही. ती म्हणाली, दोघांनी कधी ठरवलं? मला तर तुम्ही खुर्चीवर बसायला सांगितलं होतं.

मग मी विचारले, आणि मी? ती म्हणाली, एवढी यंत्रं सोडून तुम्हाला चला कसं म्हणू.

हा टोमणा होता की काळजी, याचा निर्णय राखून ठेवतो.

बडगी मांडीवर घेऊन बसली. तिकडच्या सुताराकडून भोके बुजवून घेणार आहे. मी सुचवले, की डिकीत ठेव. तिने काच वर केली.

जाताना कोपऱ्यावर गाडी थांबवून ती दूधवाल्याशी काहीतरी बोलली. दुधाबद्दल असावे.

२ डिसेंबर

शांतता. लेखनास उत्तम.

चॉपरने कांदा चिरला. पुढे काय करतात, ते आठवेना. मोहरीचा डबा म्हणून उघडलेल्या डब्यात बटणे होती.

४ डिसेंबर

बन्सीलालांच्या घरून खिचडी आली. कालही आली होती. मी त्यांना सांगितले, की रोज कशाला. ते म्हणाले, सर, वहिनींनी फोन करून सांगितलंय.

एअर फ्रायरमध्ये खिचडी गरम केली. वरचा थर पापड झाला.

सौ.चा फोन. जेवलात का? जेवलो. काय? सर्व काही. खांदा थोडा हलका आहे, म्हणाली. मॅडम चांगल्या आहेत. लिफ्टमध्ये तिला सगळे 'आजी' म्हणतात, तिला आवडते. माणसाने आपल्या संबोधनाबाबत इतके बेफिकीर असू नये.

६ डिसेंबर

घरात आवाज होईना, म्हणून मिक्सर रिकामाच फिरवला. थोडा वेळ बरे वाटले.

भिंतीवर कोन तसेच आहेत. त्यांवर काही ठेवावेसे वाटत नाही.

७ डिसेंबर

अभिप्रायांचा आढावा घेतला. माझा चॉपरवरील अभिप्राय एकाच ग्राहकाला उपयुक्त वाटला आहे. तो ग्राहक बन्सीलाल.

एक अभिप्राय राहिला होता. संकेतस्थळावर ती वस्तू मिळत नाही, म्हणून येथेच लिहितो. बडगी : पाच तारे. सोबत माहितीपुस्तिका नाही. त्यामुळे एकही चूक आढळली नाही. तोटा : भोके पाडल्यास गळते.

८ डिसेंबर

विचारान्ती लक्षात आले, की सुताराला भोके बुजवण्याचे तांत्रिक मार्गदर्शन कोणीतरी केले पाहिजे. भोके मी पाडली आहेत. त्यांची मापे मलाच माहीत. फोनवर मापे सांगता आली असती, हे खरे. पण फोनवर उच्चार नीट पोचत नाहीत.

तेव्हा उद्या नाशिकला जात आहे. राहायला नव्हे. बडगी आणायला.

९ डिसेंबर, सकाळी

पिशवी भरली. स्वेटर सगळे घेतले, कारण नाशिकच्या थंडीचा भरवसा नाही. शब्दकोशाचे दोन्ही खंड घेतले. सौ.ची जाड शाल, तिने मागितली नव्हती, तरी घेतली. यंत्रांना जागा उरली नाही. बन्सीलालांना किल्ली दिली. मिक्सर तुम्हीच वापरा, म्हणालो. ते म्हणाले, नको सर, आमच्याकडे पाटा आहे.

फाटकात दूधवाला भेटला. त्याला म्हणालो, आजपासून दूध नको. किती दिवस, ते पुढे कळवीन. तो हसला. म्हणाला, माहीत आहे सर, वहिनी जातानाच बोलल्या होत्या, सर रविवारपर्यंत कसेबसे काढतील, मग बंद कर.

आज मंगळवार आहे. ही नोंद असावी.